बार सुटला की सोडला

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी न्यायवैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जांबोटीकडच्या रानपट्ट्यातून पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याचा मृतदेह आमच्या शवागारात आला. उजव्या काखेच्या पुढच्या बाजूला ठासणीच्या बंदुकीची जखम होती. गावाचे आणि माणसाचे नाव मी लिहिणार नाही. बंदुकीच्या जखमेवरून मृत्यूचा प्रकार, म्हणजे अपघात, आत्महत्या की खून हे, कसे ठरते आणि कुठपर्यंतच ठरू शकते, ते मला त्या प्रकरणाने पहिल्यांदा नीट समजले. म्हणून त्या कामाचा क्रम आठवेल तसा मांडते आहे.

त्या भागात ऑक्टोबरात भात लोंब्यांना येते आणि रानडुकरे आणि गवे रात्रीत शिवार तुडवून जातात. त्यामुळे माणसे माळ्यावर बसून राखण करतात. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच आहे आणि मृताकडे असा परवाना होता. ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी काळी दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा असे गजाने ठासून बसवतात. मागच्या निपलवर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, लावली की घोडा पडताच बार उडतो. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर केपवर आदळणारा लोखंडी हातोडा. काळी दारू आधुनिक काडतुसातल्या दारूपेक्षा कितीतरी अधिक धूर आणि काजळी सोडते, आणि पुढे आम्हाला याच काजळीचा उपयोग झाला.

मृतदेहासोबत पोलिसांचे विनंतीपत्र आणि मरणोत्तर पंचनामा आला होता. दोन्ही कानडीत होते. अनैसर्गिक मृत्यूच्या ज्या पोलिसी नोंदीला महाराष्ट्रात 'ए.डी.' म्हणतात, तिला आमच्याकडे कर्नाटकात 'यूडीआर' म्हणतात. त्या वेळी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. अंधार पडला होता. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्यास केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली असली, तरी आत्महत्या, खून किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे तिच्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे सकाळपर्यंत थांबणे भाग होते.

मृताची पत्नी आणि पुतण्या रात्रभर बाहेर आंब्याखाली बसून होते. मी निपाणीची, घरात मराठी बोलणारी. त्यांच्याशी बोलण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. पुतण्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "डॉक्टरबाई, काका दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्धीत होते. दोनदा म्हणाले, बार सुटला. मी पोलिसांनाही तेच सांगितलं." कानडी कागदात मात्र त्याचा जबाब 'गुंडु हारिसिकोंडु' असा उतरला होता. कानडीत 'गुंडु हारितु' म्हणजे गोळी उडाली, आणि 'गुंडु हारिसिकोंडरु' म्हणजे स्वतःवर गोळी झाडून घेतली. मराठीतल्या 'सुटला' आणि 'सोडला' यांच्यात जे अंतर आहे, तेच कानडीत त्या 'सि' या अक्षरात आहे. लिहून घेणाऱ्याने मुद्दाम काही केले असेल असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. रात्रीच्या वेळी, घाबरलेल्या माणसाचे एका भाषेतले बोलणे दुसऱ्या भाषेत उतरवताना जे सीमाभागात रोज घडते, तेच इथे घडले होते. पण त्या एका अक्षरामुळे कागदावर आत्महत्या आली होती. गावात त्याच वेळी तिसरी गोष्ट चालू होती. सामाईक जमिनीवरून काका आणि पुतण्याचे जमत नव्हते, त्या रात्री शेजारच्या माळ्यावर तोच होता, आणि काकांना उचलून आणणाराही तोच होता.

हे सगळे मी सकाळी आमच्या प्राध्यापकांना सांगितले. ते धारवाडकडचे, मातृभाषा कानडी. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "वाचा, लक्षात ठेवा, पण त्यातलं क्रियापद आपल्या टिपणात उचलू नका. आपण जखमेपासून सुरुवात करायची." हे सांगताना त्यांनी नानावटी खटल्याची आठवण दिली. १९५९ साली मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर झालेल्या गोळीबारात, झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले असा आरोपी नौदल अधिकारी नानावटी यांचा बचाव होता. मृताच्या कमरेला गुंडाळलेला टॉवेल सुटलेला नव्हता, ही गोष्ट त्या बचावाच्या विरोधात गेली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम केली. "टॉवेल शरीराचा भाग नाही," सर म्हणाले, "पण तो पाहिला नसता तर जखमा अर्ध्याच वाचल्या गेल्या असत्या. याचे कपडे कुठे आहेत?"

कपडे नव्हते. मृत्यूपूर्वी ज्या दवाखान्यात त्यांना नेले होते, तिथे रक्तस्राव थांबवण्यासाठी अंगातली बंडी कात्रीने कापून काढली होती, जखम धुऊन पट्टी बांधली होती आणि बंडी वैद्यकीय कचऱ्यात गेली होती. जिवंत माणसाला वाचवण्याची धडपड चालू असताना पुरावा जपण्याचे भान राहणे कठीण असते, हे मला मान्य आहे, पण हळहळ वाटल्याशिवाय राहिली नाही. कपड्यावरच्या छिद्राची कड, तिच्याभोवतीची काजळी, जळालेले धागे यांवरून बंदुकीचे तोंड किती दूर होते याचा जो अंदाज येतो, तो धुतलेल्या कातडीवरून तितका येत नाही. कपडा काढावाच लागला तर छिद्रातून कापू नये, बाजूने कापावा, सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओले कापड कुजते आणि खुणा पसरतात. हाताच्या पंजांनाही याच कारणासाठी कागदी पिशव्या बांधतात. आमच्या मृतदेहाच्या हातांना काहीच बांधलेले नव्हते.

मी बाहेर जाऊन पुतण्याला विचारले की त्या रात्री काकांच्या अंगावर आणखी काय होते. तो म्हणाला, कांबळे होते. पाऊस भुरभुरत होता म्हणून त्यांनी ते दोन्ही खांद्यांवरून घेतले होते. ते आता घरी गोठ्यातल्या आडव्या बांबूवर पडले होते आणि बायका ते धुवायला काढणार होत्या. सरांनी लगेच तपास अधिकाऱ्यांना फोन केला. दुपारी पंचांसमक्ष जप्त केलेले ते काळे कांबळे आमच्यासमोर आले. ज्याच्यावर संशय होता त्याच्याच सांगण्यावरून ते मिळाले, ही गोष्ट मी मनात नोंदवली. टिपणात लिहिली नाही, कारण ती माझ्या अखत्यारीतली नव्हती.

कांबळे येईपर्यंत बाह्य तपासणी उरकली होती. आधी सर्व बाजूंनी क्ष-किरण चित्रे घेतली. छर्रे शरीरात कुठवर पसरले आहेत हे चाकू लावण्याआधी कळलेले बरे असते. उजवा खांदा, काख आणि छातीचा वरचा भाग यांत तेवीस लहानमोठ्या सावल्या दिसल्या. काही अगदी गोल होत्या, काही वेड्यावाकड्या. बाजारचे छर्रे आणि घरी वितळवून केलेले शिशाचे तुकडे एकत्र भरलेले असावेत. बाहेर पडल्याची जखम नव्हती, आणि धडावर छर्ऱ्यांच्या बंदुकीची जखम असेल तर ती बहुधा नसतेच.

प्रवेशाची जखम एकच होती, सुमारे तीन सेंटिमीटरची, आणि तिची कड उंदराने कुरतडल्यासारखी होती. आजूबाजूला सुटे छर्रे घुसल्याची छिद्रे नव्हती. म्हणजे छर्रे अजून एका घोसातच होते. अंतर वाढते तसा हा घोस फुटतो. साधारण मीटरभरापर्यंत एकच भोक पडते, पुढे मुख्य भोकाभोवती सुटी छिद्रे दिसू लागतात आणि चार-पाच मीटरच्या पलीकडे छर्रे वेगवेगळेच लागतात. उलट, नळी अंगाला टेकलेली असती तर कडेला तोंडाचा छाप, करपलेली कातडी आणि आतल्या वाटेत काजळी मिळाली असती. इथे तसे काही नव्हते. बंदूक टेकलेली नव्हती आणि दूरही नव्हती, इतके त्या एका भोकाने सांगितले.

मग सरांनी मला ओला कापूस दिला आणि दंडाची आतली बाजू पुसायला सांगितली. तिथे तपकिरी-लालसर ठिपके होते, खसखस सांडल्यासारखे. काजळी असती तर कापसावर आली असती, पण कापूस पांढराच राहिला आणि ठिपके होते तिथेच राहिले. न जळलेल्या दारूचे कण कातडीत घुसून हे ठिपके उमटतात. न्यायवैद्यकात त्याला गोंदण म्हणतात आणि ते खरोखरच गोंदणासारखे असते, धुतल्याने जात नाही. दवाखान्यात जखम धुताना काजळी गेली, गोंदण राहिले.

पण हे ठिपके विचित्र जागी होते. हात शरीरालगत असताना दंडाची आतली बाजू झाकलेली असते, तिथे दारूचा कण पोचणार कसा? काही वेळ मी ठिपक्यांचे मोजमाप घेत राहिले आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. सर म्हणाले, "हात उचला." मृत्यूनंतरची ताठरता ओसरू लागली नव्हती, ती मोडावी लागली. हात खांद्याच्या रेषेत पुढे आणि किंचित खाली धरला, तेव्हा दंडावरचे ठिपके आणि मानेच्या बुडाशी असलेले तुरळक ठिपके एका लंबगोलात आले. मधला जो भाग रिकामा होता तिथे बंडी आणि कांबळे होते. दुपारी कांबळे आल्यावर ते खांद्यावर ठेवून पाहिले. काळ्या लोकरीवर काळी काजळी डोळ्यांना दिसत नाही, पण भिंगाखाली कडेच्या लोकरीची टोके आखडून गाठाळलेली दिसली आणि ती नेमकी त्या लंबगोलाच्या रिकाम्या भागात बसली. पुढे प्रयोगशाळेने अवरक्त प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात काजळीचा अर्धा गोल स्वच्छ उमटला. बार उडाला त्या क्षणी या माणसाचा उजवा हात लांब पसरलेला होता, एवढे आता नक्की झाले.

त्याच हाताच्या पंजाने पुढचा धागा दिला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात, कातडीच्या सुरकुत्यांत, काजळी अडकून राहिली होती. दवाखान्यात हात कुणी धुतले नव्हते. तो पंजा नळीच्या तोंडाजवळ होता. हे पाहून मला वाटले की उलगडा झाला, आणि मी तसे बोलूनही गेले. सरांनी तिथेच थांबवले. नळीचे तोंड धरलेला हात आत्महत्येतही काजळतो, समोरच्याची बंदूक ढकलताना किंवा हिसकावताना काजळतो आणि स्वतःची बंदूक तोंडाकडून धरून ओढतानाही काजळतो. ती खूण तिन्ही गोष्टींत बसते, म्हणून तिच्यावरून एकही गोष्ट सिद्ध होत नाही. पूर्वी हातावर मेण ओतून नायट्रेट शोधण्याची एक चाचणी होती. तंबाखूने आणि नायट्रेटयुक्त खतांनीही ती होकारार्थी येई म्हणून ती सोडून द्यावी लागली. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या हातावर तिने काय दाखवले असते, हे सांगायला नको.

आतली तपासणी मी थोडक्यात सांगते. काखेतली मोठी शीर फाटली होती, छातीच्या पोकळीत रक्त साठले होते आणि मृत्यूचे कारण रक्तस्रावाने आलेला शॉक हे होते. त्यात वाद नव्हता. जखमेच्या तळाशी बोटाला काहीतरी खरखरीत लागले आणि चिमट्याने बाहेर आला तो अर्धवट जळालेला काथ्याचा बोळा, सुपारीएवढा, रक्ताने भिजलेला. त्यातले धागे अजून पिळाचे होते. बोळा छर्ऱ्यांबरोबर शरीरात शिरतो तो जवळून बार झाला तरच. छर्ऱ्यांची वाट खालून वर, समोरून मागे आणि चांगलीच तिरकी चढत गेली होती. सरळ उभ्या माणसाच्या दृष्टीने बंदुकीचे तोंड खालून वर रोखलेले होते.

त्या दिवशी आम्ही मृत्यूचे कारण लिहिले आणि बंदुकीबाबतचे मत प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवले. अंतर ठरवण्याची खात्रीची रीत एकच आहे. तीच बंदूक, तशीच दारू आणि तसाच बोळा घेऊन, वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर बार काढायचे आणि उमटलेले ठसे ताडून पाहायचे. ठासणीच्या बंदुकीत हे आणखी गरजेचे असते, कारण प्रत्येक जण आपल्या हाताने दारू मोजतो, त्यामुळे पुस्तकातले आकडे तिला लागू पडतीलच असे नाही. बंदूक, घरात सापडलेली दारू, बोळा, छर्रे आणि कांबळे बेंगळुरूला गेले.

तिसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून सर आणि मी घटनास्थळी गेलो. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, दोन वाफ्यांमध्ये कमरेएवढा बांध आणि बांधावर करवंदीच्या फांद्यांची वई, म्हणजे काटेरी कुंपण. पुतण्याने काका कुठे पडले होते ते दाखवले, वरच्या अंगाला, वईपासून दोन पावलांवर. बंदूक खालच्या अंगाला वईतच अडकलेली होती, दस्ता खाली आणि तोंड वर. त्याने ती बाजूला ठेवली होती आणि तसे जबाबातही सांगितले होते. वईत एक फांदी नव्याने मोडलेली होती आणि तिची साल सोललेली होती. पोलिसांनी तिचे फोटो आधीच घेतले होते. मी वरच्या बाजूला उभी राहिले, एका हवालदारांनी खालून तेवढ्याच लांबीची काठी वईत उभी धरली आणि मी हात लांब करून तिचे टोक पकडले. आपोआप माझा हात पुढे आणि किंचित खाली गेला, शवागारात सरांनी धरायला लावला होता तसाच.

तीन महिन्यांनी अहवाल आला. अंतर दोन ते अडीच फूट. नळी तीन फुटांहून लांब होती, म्हणजे जखमेपासून चाप साडेपाच फुटांच्या आसपास. तिथे त्याच माणसाचा दुसरा हात पोचणे शक्य नव्हते आणि चाप ओढण्याजोगे कोणतेही साधन जागेवर मिळाले नव्हते. आत्महत्या इथे मागे पडली. दुसरी गोष्ट घोड्याची होती. त्याच्या खाचेत करवंदीच्या सालीचे तंतू अडकलेले होते आणि घोड्याला अर्ध्यावर अडवून धरणारी आतली खाच झिजून गुळगुळीत झाली होती. घोडा कशात तरी अडकून मागे ओढला गेला आणि निसटला, तर चापाला हात न लावताही केप फुटत होती. प्रयोगशाळेने हे पुन्हा पुन्हा करून पाहिले होते.

खुनाचे काय? त्याबाबत आम्ही काय लिहिले ते स्पष्ट सांगते, कारण लोकांची समजूत अशी असते की डॉक्टर शरीर पाहून खून ठरवतात. दुसऱ्याच्या हातातल्या बंदुकीचे तोंड मृताने पकडले असते, तरी काजळी, गोंदण आणि अंतर बरेचसे असेच मिळाले असते. फरक होता तो चढत्या वाटेत. त्या कोनातून बार काढणाऱ्याला वईच्या काट्यांतच, बांधाच्या पायथ्याशी बसावे लागले असते. आमच्याकडे शवविच्छेदन अहवालात डॉक्टर मृत्यूचे कारण देतात. मृत्यूचा प्रकार ठरवणे हे चौकशीचे आणि गरज पडल्यास न्यायालयाचे काम आहे, डॉक्टरचे मत हा तिथे पुराव्याचा एक भाग असतो. म्हणून आम्ही इतकेच लिहिले की जखमेचे अंतर, दिशा आणि हाताची स्थिती ही वईपलीकडची भरलेली बंदूक तोंडाकडून धरून ओढताना घोडा अडकून बार उडाल्याशी सुसंगत आहे, आणि स्वतः चाप दाबल्याशी सुसंगत नाही. पहिल्या मसुद्यात मी 'अपघात' हा शब्द लिहिला होता. सरांनी तो खोडला. मला तेव्हा वाईट वाटले, कारण माझी खात्री पटली होती. पुतण्याच्या जबाबाची पडताळणी, शेजारच्या माळ्यांवरच्या लोकांनी किती बार ऐकले, तो किती वेळात पोचला, हे सारे पोलिसांनी तपासले होते. त्या गोष्टी माझ्या टेबलावर आलेल्या नव्हत्या आणि त्यांच्याशिवाय तो शब्द लिहिण्याचा मला अधिकार नव्हता, हे मला पटायला वेळ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात पुतण्या विभागात आला. काकांनी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतला होता. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, आत्महत्येला मिळत नाहीत, आणि त्यासाठी त्याने पोलिसांच्या अंतिम अहवालाची प्रत काढली होती. शाळेत कानडी शिकल्यामुळे त्याला अक्षरे वाचता येत होती, पण सरकारी कानडी वळणाची त्याला खात्री वाटत नव्हती. 'आकस्मिकवागि गुंडु हारि' असे लिहिलेल्या ओळीवर त्याने बोट ठेवले.

"यात तो 'सि' नाही ना, डॉक्टरबाई?"

मी ती ओळ दोनदा वाचली आणि नाही म्हणून सांगितले. त्याने कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि काकूंना कांबळे कधी परत मिळेल ते विचारले.